अकरा भालाईत

३ फेब्रुवारी

चि. ताई,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. दोन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. ओळ अजूनही उजवीकडे वर चढत जाते, चौथीत असल्यापासूनची सवय. पाकीट लगेच फोडलं नाही. चहा केला, चष्मा पुसला, खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि मग फोडलं, तर आत जेमतेम सहा ओळी. तरी त्या मी कवितेसारख्या थांबत थांबत वाचल्या.

तुझं म्हणणं समजलं. धाकट्याचे मित्र चौदा मार्चला त्याच्या आठवणीत त्याचा तो लढाईचा खेळ मांडणार आहेत आणि त्याची पलटण तू टेबलावर उतरवणार आहेस. त्याने रंगवलेल्या साठांपैकी एकोणपन्नास बुटके शिपाई तुझ्याजवळ आहेत, शेवटचे अकरा इथे त्याच्या खोलीत, हिरव्या डब्यात. ते तुला हवे आहेत. ‘जसे आहेत तसे पाठवा. काही करू नका.’ हे तू दोनदा लिहिलं आहेस. एकदा लिहिलं असतंस तरी कळलं असतं, चौतीस वर्षं मुलांना भाषा शिकवली आहे मी.

तू घर सोडून गेल्यानंतर ती खोली मी काल पहिल्यांदा उघडली. वाकड्या मानेचा दिवा होता तसाच टेबलावर झुकलेला. कपात तीन ब्रश, त्यातला एक वाळून काडीसारखा झालेला. हिरवा डबा उघडला तर आत कापसाच्या गादीवर अकराजण ओळीने झोपलेले. बोटाच्या दोन पेरांएवढे. कमरेपर्यंत दाढी, डोक्यावर लोखंडी टोप, हातात स्वतःपेक्षा उंच भाला. हे कुठल्या डोंगरातले, कुठल्या राजाचे, ते धाकट्याने मला अनेकदा सांगितलं होतं. मी हूं हूं करत असे.

नीट बांधून पाठवतो. भाले नाजूक आहेत, त्यामुळे थोडा वेळ लागेल.

एक विचारायचं होतं. या अकरांचे डोळे तू बारकाईने पाहिले होतेस का? सगळे वाकडे आहेत. एकाचीही नजर समोर नाही, सगळे तिरके, एकाच बाजूला बघतात. काहींच्या डोळ्यांतला पांढरा रंग गालावर आला आहे. सहज विचारलं.

तब्येत सांभाळ.

बाबा


११ फेब्रुवारी

चि. ताई,

पार्सल अजून निघालं नाही. योग्य खोका मिळत नव्हता. रागावू नकोस, महिना हातात आहे.

खोका शोधता शोधता मी धाकटा जायचा त्या दुकानात जाऊन पोचलो. पुढे वह्या-पेन्सिली आणि मागे लांब टेबलं, त्यांवर कागदी लगद्याचे डोंगर, पडके बुरूज. चांगली चाळिशीतली माणसं मोजपट्टी घेऊन इंच इंच मोजतात आणि फासे टाकून एकमेकांचे राक्षस मारतात. दुकानदाराला सगळे दाढीवाला म्हणतात, आणि धाकट्याच्या सैनिकांतला एक म्हणून तो सहज खपून जाईल. मी कोण ते त्याला सांगितलं नाही. म्हटलं, निवृत्त मास्तर आहे, हात रिकामे आहेत. तो म्हणाला, ‘मग काका, तुमचे डोळे जाणार. या छंदात आधी डोळे जातात, मग मान.’

त्याने मला पुष्कळ समजावलं. आधी अस्तराचा रंग, मग मुख्य रंग, मग पातळ काळसर रंग सोडायचा म्हणजे तो खाचांतून उतरतो आणि दाढीचा केस न् केस वेगळा दिसतो. डोळे शेवटी, श्वास रोखून. आणि त्यांच्यात एक कडक नियम आहे, न रंगवलेला शिपाई टेबलावर उतरत नाही. मला हा नियम फार आवडला. गणवेशाशिवाय मुलगा वर्गात बसत नाही, तसं.

परतताना रस्ताभर धाकट्याची कविता आठवत होती. तो नऊ वर्षांचा होता, तू बारा. पाठ्यपुस्तकातल्या कविता मी तुम्हाला चालीवर म्हणायला लावायचो, आणि एक दिवस हा स्वतःचीच घेऊन आला:

साठ शिपाई, साठ भाले,
एक घाबरला, सगळे आले.

मी म्हटलं, बाळा, अर्थ लागत नाही. लढाईत एक घाबरला तर बाकीचे येतील कशाला? पळतील. आणि लाल शाईने ‘आले’ खोडून ‘पळाले’ लिहिलं. तो वहीकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘मग ताल चुकतो, बाबा.’ काय कान होता पोराचा. त्या दिवशी मी आठवडाभर पुरेल एवढा खूश झालो होतो. त्याला तसं सांगितलं का, ते आठवत नाही.

बाबा


१९ फेब्रुवारी

चि. ताई,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ, ‘हात लावलात का?’

काय लिहू. डबा उघडायचा म्हणजे हात लागणारच.

हवा कोरडी आहे इथे. खिडकीतून दुपारी ऊन टेबलाच्या मधोमध येतं आणि तासभर थांबतं. धाकट्याने टेबल तिथेच का ओढून घेतलं होतं ते आता कळलं. मला वाटायचं, मला पाठ करून बसता यावं म्हणून. मी हल्ली रोज तो तासभर तिथे बसतो. तुझी आई असती तर म्हणाली असती, पोरगा होता तेव्हा या खोलीत पाय ठेवला नाहीत आणि आता हलत नाही. ती असं काहीतरी बोलून स्वयंपाकघरात निघून जायची आणि मग मला दिवसभर उत्तर सुचत राहायचं.

एका बुटक्याची दाढी मात्र चांगली जमली आहे. तांबूस, टोकाला जरा पिकलेली. दाढीवाला म्हणाला, ‘पहिल्या महिन्याच्या मानाने झकास, काका.’

यापुढचं पुढच्या पत्रात लिहितो. आज मान दुखते आहे.

बाबा


२७ फेब्रुवारी

ताई,

मागच्या पत्रात मी ‘जमली’ असं लिहिलं आणि तू ते वाचलंस. तू फोन केलास तेव्हा मी उचलला नाही. समोर बसून वाजू दिला. सतरा वेळा वाजला. मी वर्गात खोटं बोलणाऱ्या मुलाला बाकावर उभं करत असे. आता हे पत्र मी उभा राहूनच लिहितो आहे, ओट्याशी.

मी त्यांचा रंग काढला.

सगळ्या अकरांचा. तुझं पहिलं पत्र आलं त्याच आठवड्यात. दुसरं पत्र लिहिलं तेव्हा ते कोरे होऊन पडले होते, आणि मी तुला खोक्याच्या गोष्टी सांगत होतो.

का, ते सांगतो. पटेल असं म्हणत नाही. धाकटा गेल्यावर लोक भेटायला आले होते आणि मी पुढच्या खोलीत कुणाला तरी म्हणालो, ‘पोरगा हुशार होता, पण आयुष्यात एक गोष्ट पुरी केली नाही.’ तू दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होतीस. तांब्या खाली ठेवलास, खोलीत गेलीस, एकोणपन्नास बुटके पिशवीत भरलेस आणि निघालीस. घाईत हिरवा डबा पलंगाखाली राहिला. दोन वर्षं मी ते वाक्य मागे घ्यायची वाट शोधत होतो. तुझं पत्र आलं आणि वाटलं, हीच. ते वाकडे डोळे घेऊन त्याची पलटण चारचौघांत उभी राहील, लोक बघतील, कुणीतरी हसेल. मी ते सरळ करीन. त्याचं राहिलेलं मी पुरं करीन. मग म्हणता येईल, पुरं झालं.

दाढीवाल्याला मी विचारलं, खराब रंगवलेलं साफ कसं करायचं. त्याने द्रावणाची बाटली दिली आणि पद्धत सांगितली. आधी पायाखालची चकती पात्याने सोडवून घ्यायची, नाहीतर तिच्यावरची वाळू सुटून द्रावण गढूळ होतं. मग एक दिवस भिजत ठेवायचं आणि दात घासायच्या ब्रशने घासायचं. बाटली देताना त्याने विचारलं, ‘कुणी रंगवलंय?’

मी म्हटलं, ‘एका नवशिक्याने.’

हे मी तुला सांगितलं नसतं तर कुणाला कळलं नसतं. पण मला तर कळलेलं आहे.

त्या रविवारी दुपारी घासायला बसलो. रंग सायीसारखा सुटून आला. आधी टोपाचा चंदेरी, मग दाढीचा, मग चेहऱ्याचा. चेहऱ्यातही डोळे आधी गेले. आणि ताई, मला बरं वाटत होतं, तेही लिहायला हवं. तास संपल्यावर फळा पुसताना वाटायचं तसं. अकराजण करडे, कोरे, एकसारखे झाले आणि मी त्यांना वर्तमानपत्रावर वाळत ठेवून चहा केला.

त्यानंतर वीसेक दिवस मी नवे डोळे काढतो आहे. माझ्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. टाचणीच्या टोकाएवढी जागा. ब्रश टेकला की ठिपका पसरतो आणि अख्खं तोंड काळं होतं. पुन्हा द्रावणात, पुन्हा घासणं. ज्याची दाढी जमली म्हणालो त्यालाही मी परवा पुन्हा साफ केलं.

गेल्या शनिवारी दाढीवाल्याने माझ्या हातात हिरवा डबा पाहिला. झाकणावर धाकट्याने कोरलेलं चिन्ह त्याला माहीत होतं. त्याने त्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, ‘काका, तुम्ही त्याचे वडील?’ मी मान हलवली. तो म्हणाला, ‘मला विचारायचं होतंत ना. मी बाटली दिली नसती.’ मी रंगवून देतो, दोन दिवसांत देतो, असंही म्हणाला. भला माणूस आहे. मी डबा उचलून घरी आलो.

तू काय म्हणशील ते माहीत नाही. बाटलीतलं द्रावण संपलंय. घासून निघालेला सगळा रंग बरणीत तळाला बसलाय, मी तो फेकू शकलेलो नाही.

बाबा


६ मार्च

ताई,

तुझं पत्र वाचलं. उत्तर लिहू नये असं वाटतं, पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तू लिहिलंस, ‘बाबा, ते डोळे त्याने एकट्याने काढले नव्हते. त्याचा हात ठरत नव्हता म्हणून मी त्याचं मनगट धरून बसायचे. एका बुटक्याला एक अख्खी दुपार लागायची. तो म्हणायचा, बघ ताई, हे सगळे तुझ्याकडेच बघतायत. तुम्ही बाजूच्याच खोलीत होतात. आता काही करू नका. पाठवूही नका.’

मी बाजूच्याच खोलीत होतो. ते खरं आहे. जुनी पाठ्यपुस्तकं काढून बसलेलो असायचो. आजार आधी त्याच्या हातांत उतरला, आणि त्याचा चमचा बशीवर वाजायला लागला तेव्हापासून मी जेवायच्या वेळा बदलल्या. तुला वाटलं असेल मला भूक लागत नाही. भिंतीपलीकडून तुमचं हसणं ऐकू यायचं. मला वाटायचं, एवढं आजारी माणूस आणि बाहुल्यांशी खेळून हसतंय. एकदा मी तसं बोललोही, दाराबाहेरून, ‘या वयात बाहुल्या?’ तो आतून म्हणाला, ‘या की बाबा, एक तुम्हीही रंगवा.’

मी गेलो नाही. त्यात तिरकस काही नव्हतं, ताई. तो खरंच बोलावत होता. हे मला आता, सत्त्याहत्तराव्या वर्षी, तुझं पत्र वाचून कळलं.

मग मी एक केलं. द्रावण गढूळ होऊ नये म्हणून सोडवलेल्या अकरा चकत्या मी एका वाटीत टाकून ठेवल्या होत्या. रुपयापेक्षा लहान. त्यांच्यावर त्याने चिकटवलेली वाळू आहे, एकदोन खडे, वाळलेल्या गवताचा झुपका. त्या तशाच होत्या. मी त्या पहिल्यांदाच उलट्या केल्या. खाली बारीक अक्षरं होती. भिंग आणलं. प्रत्येकीखाली तारीख आणि एक शब्द, ‘दोघांनी’. अकरा तारखा, अकरा वेळा ‘दोघांनी’. शेवटच्या तीन तर वाचताही येत नाहीत, नुसता थरथरलेला माग आहे, पण तोच शब्द आहे हे कळतं.

जन्मभर मी वह्या तपासल्या. कोपऱ्यात लिहिलेलंसुद्धा सोडलं नाही. आणि हे माझ्या हातात होतं, मी पात्याने सोडवून बाजूला केलं, पण उलटं करून वाचलं नाही.

पाठवू नका म्हणालीस. तरी चकत्या पाठवल्या आहेत, काल. एवढं शेवटचं तुझं ऐकलं नाही. कुरिअरच्या खिडकीतल्या माणसाने विचारलं, आत काय आहे. मी म्हटलं, अकराजणांची जमीन आहे. त्याने ‘महत्त्वाची कागदपत्रे’ असा शिक्का मारला. मी पावती खिशात घातली. बरणीही नेली होती, पण पातळ पदार्थ ते घेत नाहीत. ती परत आणून खिडकीत ठेवली आहे. तळाला थर बसलेत, पांढरा कुठला, चंदेरी कुठला, आता सांगता येत नाही. मी ती हलवत नाही.

बाबा


२१ मार्च

ताई,

चौदा तारीख होऊन आठवडा झाला. तुझ्याकडून काही आलं नाही, यायला हवं असंही नाही.

काल दाढीवाल्याने निरोप पाठवला म्हणून दुकानात गेलो. धाकट्याच्या मित्राने त्याला तिकडच्या खेळाचा फोटो पाठवला होता. त्याने तो फोनवर मोठा करून माझ्यासमोर धरला आणि स्वतः वह्या लावायला निघून गेला.

सात रांगा, प्रत्येकीत सात बुटके. आठवी रांग मला आधी रिकामी वाटली. मग दिसल्या. अकरा चकत्या, अगदी सरळ रेषेत. वाळू, गवत, आणि प्रत्येकीवर दोन छोटे चकचकीत डाग, जिथे पाय चिकटवलेले होते तिथले. पावलं होती, वर माणूस नव्हता.

मी दाढीवाल्याला म्हटलं, नियमात हे बसतं का? तो म्हणाला, ‘नाही बसत, काका. पण समोरच्याने हरकत घेतली नाही.’ जिंकले का विचारलं तर म्हणाला, हरले, चौथ्या फेरीत सगळी पलटण गारद झाली, तुमच्या पोरीचे फासे फार वाईट पडत होते. ‘पण ती मागची रांग शेवटपर्यंत होती. तिच्यावर कुणी चालच केली नाही. दुसरं काही शिल्लक नव्हतं टेबलावर, तेवढंच.’

फोटोच्या कडेला एक हात दिसतो. मनगटापर्यंतच. तुझाच आहे, अंगठ्यावरचा भाजल्याचा डाग ओळखला. मी बराच वेळ त्या हाताकडे बघत होतो, फोनची काच दोनदा आपोआप काळी झाली. दर वेळी दाढीवाला येऊन लावून देऊन गेला.

इथले अकरा तसेच आहेत, कोरे. पायाखाली काही नाही म्हणून उभे राहत नाहीत, भाल्यासकट पुढे पडतात. त्यांना परत कापसावर आडवं ठेवलं आहे. डोळे काढायचं मी थांबवलं. गेल्या आठवड्यात चहाचा कप उचलताना बशी वाजली. वाटलं, कप नीट ठेवला नव्हता. मग रोज वाजायला लागली. डॉक्टर वय झालं म्हणाला. असेल. पण त्या आवाजाने मी टेबलावरून उठून जातो, आणि आता उठून जायचं कुणापासून ते कळत नाही.

धाकट्याची ती वही सापडली. माझी लाल रेघ अजून ताजी दिसते, बाकीची शाई पार उडाली आहे. मी काल बसून ती ओळ चालीवर म्हणून पाहिली, दोन्ही प्रकारे. ‘एक घाबरला, सगळे आले.’ नऊ वर्षांच्या पोराला वाटलं होतं, कुणी घाबरला की लोक त्याच्यापाशी येतात. आणि मी त्याला शिकवलं, पळतात. पुढे तो खरंच घाबरला, हात ठरेनासे झाले, तेव्हा तू आलीस, मनगट धरून बसलीस. मी त्याला शिकवलं होतं तसं केलं.

मी घाबरलो आहे, ताई. बोलावत नाही. चाल न करता सोडून द्यावी अशी ती शेवटची रांग मी नव्हे, हे मला कळतं. फक्त इतकंच कळवायचं होतं की वहीत मी माझी दुरुस्ती खोडली. हात हलला, रेघ वाकडी आली, पण वाचता येतं. त्याचं बरोबर होतं.

बाबा